‘मदर्स अँड सन्स’ : नऊ कथा आणि बरंचसं न बोललेलं

ओसरी

पुस्तक परवा रात्री संपलं. संपल्यावर उगाच आईला फोन लावला. "काय रे, एवढ्या रात्री?" तिने विचारलं. मला काही सांगता येईना. "गोळ्या घेतल्यास का?" एवढं विचारून ठेवून दिला. हा धागा काढायचं कारण तो फोन. त्या दीड मिनिटात जे झालं, साधारण तेच या पुस्तकातल्या नऊच्या नऊ कथांमध्ये होतं.

पुस्तक २००६ सालचं. लेखक कोल्म टोबीन, आयर्लंडचा, जन्म १९५५. पहिल्या नावाचा उच्चार तिकडचे लोक जवळजवळ ‘कलम’ असा करतात. लेखकाचं नावच कलम, आता यावर आणखी काय बोलणार! मी आपलं पुढे टोबीनच लिहितो.

आपल्याकडे आई आणि मुलगा म्हटलं की हात आपोआप साने गुरुजींच्या पुस्तकाकडे जातो. तिथली आई रात्रीमागून रात्र श्यामला काहीतरी देत असते. बोलून, रागावून, कधी नुसतं रडून. टोबीन उघडला तेव्हा माझ्या डोळ्यांची तयारी तशीच होती. प्रत्यक्षात अख्ख्या पुस्तकात एकदाही रडू आलं नाही, घसा मात्र दुखत राहिला. या आया मुलांना काही शिकवत नाहीत, जवळ घेत नाहीत, क्वचितच काही सांगतात. मुलगेही तसेच. आणि तरी प्रत्येक कथेत दोघांपैकी एकाच्या मनात दुसऱ्याचं चोवीस तास ठाण असतं.

‘अ साँग’चं सांगतो. दहाएक पानांची गोष्ट. नोएल अठ्ठावीस वर्षांचा, वादक. मित्रांच्या टोळक्यात दारू न पिणारा तो एकटाच, म्हणून क्लेअर परगण्यातल्या त्या शनिवार-रविवारी गाडी त्याच्या हातात. एका पबमध्ये गाणंबजावणं चाललंय आणि त्याला कळतं की आपली आई इथे आहे. आई नावाजलेली गायिका. नवऱ्याला सोडून गेलेली. मायलेकांनी एकमेकांना १९ वर्षं पाहिलेलं नाही. ती गायला लागते. गाणं प्रेमाचं आणि दग्याचं. तिने त्याला पाहिलंय का? पाहिलं असेल तर हे गाणं त्याच्यासाठी आहे, की सोडून आलेल्या नवऱ्यासाठी, की रोज म्हणतात तसं नुसतंच गाणं? टोबीन सांगत नाही. खोली भरलेली, माणसं गप्प झालेली आणि मुलगा गर्दीत उभा राहून आईचा आवाज ऐकतोय. एखाद्या कमी जिवाच्या लेखकाने इथे मिठी घातली असती.

दुसरी ‘अ प्रीस्ट इन द फॅमिली’. मॉली म्हातारी आहे, पण पिकलं पान वगैरे मुळीच नाही. पत्ते खेळते, संगणक शिकतेय, ईमेल लिहिते. तिचा मुलगा फ्रँक धर्मगुरू आहे. त्याने पूर्वी किशोरवयीन मुलांचं लैंगिक शोषण केलंय आणि आता खटला उभा राहणार आहे. गावाला माहीत आहे, तिच्या मुलींना माहीत आहे. मॉलीला माहीत नाही. आपल्याशी बोलताना लोक अडखळतायत एवढंच तिला जाणवतं. आपल्याच मुलाची गोष्ट सगळ्यांत शेवटी आईला कळणं, या एका मुद्द्यावर अख्खी कथा उभी आहे. खटला चालू असताना तिने लांब कुठेतरी सुट्टीवर जावं असं मुली सुचवतात. ती ऐकत नाही. पुढे फ्रँक भेटायला येतो. ती भेट मी तीनदा वाचली. दोघं साध्या शब्दांत दोन-चार वाक्यं बोलतात आणि त्यात क्षमा आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाकीच्या कथांवर तुम्ही लिहा. ‘अ समर जॉब’ मला तेवढी भिडली नाही. तिथे खरी जोडी आजी आणि नातवाची आहे, आई मध्ये उभी राहून दोघांकडे बघते.

कुणी वाचलंय का?

---

रातकिडा

वाचलेलं नाही. पण ‘अ साँग’मध्ये तो शेवटी बोलतो का तिच्याशी? एवढं सांगा, बाकीचं मी वाचतो.

ओसरी

@रातकिडा, दहा पानं आहेत हो. वाचाच.

कोरी_पाटी

धागाकर्त्यांनी सुरुवातीला ‘रसभंग होऊ शकतो’ अशी पाटी लावायला हवी होती. मॉलीचं सगळं सांगून टाकलंत.

ओसरी

चूक मान्य. पण फ्रँकने काय केलंय ते वाचकाला मॉलीच्या आधी कळलं तरी बिघडत नाही. उलट त्यामुळे आपणही त्या गप्प बसलेल्या गावकऱ्यांपैकी एक होतो.

तिसरा_डोळा

मी वेगळा सूर लावतो. इंग्रजीतून वाचलं, पाच कथांनंतर सोडून दिलं. या कथा संपत नाहीत, थांबतात. लेखक दिवा मालवून खोलीतून निघून जातो आणि आपण अंधारात चाचपडत बसायचं. त्यातून सगळ्या आया अशा थंड! एकीला मुलाचा धंद्यातला उत्साह नको, एकीला मुलाने शोधलेल्या जुन्या तबकड्या नकोत. आई म्हणून जे किमान लागतं ते कुठे आहे?

‘न बोललेलं’ हा आता साहित्यातला चलनी शब्द झालाय. कथेत काही घडलं नाही की समीक्षक म्हणतात, मौन बोलतंय.

ओसरी

@तिसरा_डोळा, मौनाबद्दलचा टोमणा रास्त आहे, लागला. पण ज्या तबकड्यांच्या कथेला तुम्ही थंड म्हणता, ती ‘फेमस ब्लू रेनकोट’. नाव लेनर्ड कोहेनच्या १९७१ च्या गाण्यावरून घेतलंय. लिसा आता छायाचित्रकार आहे. तरुणपणी बहिणीबरोबर एका बँडमध्ये गायची, ती बहीण पुढे वारली. मुलाला, ल्यूकला, घरात जुन्या तबकड्या सापडतात. तो कौतुकाने ते सगळं सीडीवर उतरवायला घेतो. म्हणजे मुलगा प्रेमाने जे आईला द्यायला बघतोय, तेच तिला नेमकं ऐकायचं नाहीये. ती त्याला ‘नको’ म्हणू शकत नाही, कारण मग का ते सांगावं लागेल. याला थंड कसं म्हणायचं? मला तर ती भाजलेली वाटली.

आडवाट

छान धागा. थोडी पार्श्वभूमी, कारण यातली बरीच घुसमट त्या देशाच्या कायद्यातून आणि चर्चमधून आलीय.

नोएलची आई घर सोडते ते साधं भांडण नव्हे. आयर्लंडमध्ये घटस्फोटालाच बंदी होती. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी बंदी कायम ठेवली. १९९५ साली ती उठली तीही ९ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने, म्हणजे जेमतेम अर्ध्या टक्क्याने. अशा समाजात नवऱ्याला सोडून गेलेली आई कशाला म्हणतात, याची कल्पना करा. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियमसुद्धा १९७३ पर्यंत होता.

आणि १९३७ च्या त्यांच्या राज्यघटनेत कलम ४१.२ आहे (हे कलम लेखक नव्हे!). बाई घरात राहून जे करते त्याशिवाय राष्ट्राचं भलं होणार नाही, आणि आर्थिक गरजेपोटी आयांना घरची कर्तव्यं सोडून बाहेर राबावं लागू नये यासाठी सरकारने झटावं, अशा अर्थाचं. ८ मार्च २०२४ ला ते बदलण्यासाठी सार्वमत झालं आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश मतदारांनी बदल नाकारला. सगळेच जुन्या विचारांचे होते असं नाही, पर्यायी शब्दरचना पोकळ आहे म्हणूनही अनेकांनी विरोध केला. तरी आजही त्या घटनेत आईची जागा घरात लिहिलेली आहे. ‘द नेम ऑफ द गेम’ या कथेतली दुकान चालवणारी विधवा नॅन्सी हे कलम डोक्यात ठेवून वाचा, वेगळीच दिसते.

मॉलीच्या कथेबद्दल: टोबीनचं गाव एनिसकॉर्थी, वेक्सफर्ड परगण्यातलं. ते फर्न्स धर्मप्रांतात येतं, तिथलं कॅथीड्रल याच गावात आहे. या धर्मप्रांतातल्या शोषणाच्या तक्रारींवरचा चौकशी अहवाल ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६२ ते २००२ या काळातल्या शंभराहून अधिक तक्रारी आणि २१ धर्मगुरू. कथासंग्रह त्याच्या पुढच्याच वर्षी आला. म्हणजे मॉलीच्या गल्लीतला प्रत्येक वाचक ती बातमी आधीच वाचून बसलेला होता. टोबीनने पीडितांची कथा लिहिली नाही, न्यायालयाची लिहिली नाही. त्या बातमीतल्या माणसाला एक आई असणार, तिचं काय, एवढंच धरलं.

रातकिडा

@आडवाट, हे वाचून पुस्तक मागवलं.

शेवंती

मी दोन मुलांची आई आहे, दोघंही आता माझ्यापेक्षा डोकंभर उंच. त्यामुळे वरची चर्चा वाचताना मला जरा हसू येत होतं. @ओसरी, रागावू नका, पण तुम्ही हे पुस्तक मुलगा म्हणून वाचलंय. आई गप्प बसली की मुलांना त्यात गूढ दिसतं. तिच्या मनात माझ्याविषयी काय असेल? पुष्कळदा तिच्या मनात तुमच्याविषयी काहीच नसतं. ती दमलेली असते किंवा स्वतःचा विचार करत असते. हा धक्का मुलांना पचत नाही.

नॅन्सीचंच घ्या. नवरा अपघातात गेला, मागे कर्ज आणि बुडत चाललेलं दुकान. गावाच्या चौकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती चिप्सचं आणि दारूचं दुकान थाटते, गावाची नाकं मुरडलेली बघते, पै-पै करून कर्ज फेडते. मुलगा जेरार्ड या सगळ्यात इतका रमतो की शाळेतलं लक्ष उडतं. हिशोब, माल, नफा. बापाच्या जागी आपण, असं त्याच्या डोक्यात बसतं. आणि नॅन्सीला काय हवंय? कर्ज फिटलं की सगळं विकून डब्लिनला जायचं, जिथे तिला कुणी ओळखत नाही. तिने दुकान मुलासाठी उभं केलंच नव्हतं. सुटण्यासाठी केलं होतं.

@तिसरा_डोळा म्हणतात तिला मुलाचा उत्साह नको. नको नाही हो. तिला तो दिसतो, त्याचं कौतुकही वाटतं आणि आपण त्याचं मन मोडणार हे तिला दिवसेंदिवस कळत जातं. मी ती कथा वाचून उठले ते स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच उभी राहिले. मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या आईच्या कथा ढिगाने आहेत. मुलाला आवडणारी गोष्ट स्वतःसाठी विकणारी आई मी पहिल्यांदा वाचली, आणि लेखकाने तिला शिक्षा केलेली नाही.

अर्धविराम

शेवंतीताई, +१००

नॅन्सीप्रेमींसाठी एक गंमत. टोबीनच्या ‘ब्रुकलिन’ (२००९) मधली नायिकेची मैत्रीण नॅन्सी आठवते? जॉर्ज शेरिडनशी जिचं जमतं ती? तीच ही. म्हणजे नॅन्सी शेरिडन आधी या कथेत विधवा होऊन आली आणि तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत तरुण झाली. मग ‘लाँग आयलंड’ (२०२४) मध्ये परत मध्यमवयीन, चिप्सच्या दुकानासकट! ‘ब्रुकलिन’मध्ये जॉर्जबरोबर नाचणारी नॅन्सी वाचताना मला पुढचं सगळं माहीत होतं. इतकं कसंतरी झालं म्हणून सांगू.

शेवंती

अय्या, हे लक्षातच आलं नव्हतं! परत वाचायला हवं.

बोरूबहाद्दर

श्यामच्या आईचा विषय निघालाच आहे तर बाबूराव बागुलांची ‘आई’ ही कथा विसरू नका. तिथे वर्गात मास्तर आईची थोरवी सांगणारी कविता शिकवतायत, पोरं भारावून ऐकतायत, आणि बाकावर बसलेल्या पांडूला मात्र आपल्या आईबद्दल गाव काय बोलतं ते आठवतंय. आई तरुण विधवा, पोटासाठी राबणारी. कवितेतली आई आणि घरातली आई यांच्यामध्ये ते पोर चिरडून निघतं. टोबीनच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे लिहून झालंय, आणि तिथे आग आहे, या आयरिश धुक्यासारखं नाही.

बाकी चालू द्या.

ओसरी

@बोरूबहाद्दर, बागुलांची आठवण काढलीत हे फार बरं केलंत. पांडू आणि ‘द यूज ऑफ रीझन’मधला तो चोर शेजारी ठेवून बघा. त्या चोराची आई पबमध्ये बसून पिते आणि मुलाबद्दल नको ते बोलते, ही त्याची डोकेदुखी. गाव आईविषयी काय बोलतं याची पांडूला धास्ती. इथे आई गावाला काय सांगेल याची मुलाला.

माळरान

‘द यूज ऑफ रीझन’ ही संग्रहातली पहिलीच कथा, आणि सगळ्यांत फसवी. वाटतं चोरी-दरोड्याची गोष्ट आहे. त्याच्याकडे चोरलेली मौल्यवान चित्रं पडून आहेत, त्यात रेम्ब्रांटचं एका म्हाताऱ्या बाईचं चित्र. विकता येत नाहीत, ठेवता येत नाहीत. यामागे खरी घटना असावी हे उघड आहे: विकलो परगण्यातल्या रसबरो हाउसमधून १९८६ साली डब्लिनच्या टोळीने १८ चित्रं पळवली होती. त्यात व्हर्मीरही होतं, ते पुढे १९९३ मध्ये अँटवर्पला सापडलं. जगातली सगळ्यांत महाग वस्तू चोरावी आणि तिचं करायचं काय ते कळू नये!

मला मात्र चित्रापेक्षा त्याची शाळा आठवते. लहानपणी त्याला सुधारगृहासारख्या शाळेत टाकलं होतं, तिथे ब्रदर मंडळी मुलांना मारायची. तिथे तो एकच गोष्ट शिकला: आतलं काही बाहेर दिसू द्यायचं नाही. अशा माणसाला बडबडी आई मिळावी हा केवढा विनोद. अशा शाळांवरचा मोठा सरकारी अहवाल २००९ मध्ये आला, कथा त्याआधीची. शीर्षक ही कॅथलिक बोली आहे. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला बरंवाईट कळू लागतं, त्याला ‘विवेकाचा वापर’ म्हणतात. या गड्याने विवेक नको तिथे वापरलाय.

शेवटची ‘अ लाँग विंटर’ कुणी वाचली? तिच्यावर कुणी बोलत का नाही?

आडवाट

लांबीला घाबरून सोडली होती, खरं सांगतो.

माळरान

मग पुस्तक वाचलंच नाहीत म्हणा. ती एकटीच आयर्लंडबाहेर घडते, स्पेनमध्ये, पिरेनीजच्या डोंगरात. टोबीन विशीत, १९७५ मध्ये, बार्सिलोनाला जाऊन राहिला होता, तो प्रदेश त्याच्या अंगात मुरलेला आहे.

धाकटा भाऊ सैन्यात गेलाय. घरात मिकेल, बाप आणि आई. आई चोरून पिते हे मिकेलला उशिरा कळतं. बाप एक दिवस तिची दारू ओतून टाकतो. ती काही न बोलता घरातून निघते, माहेरच्या वाटेने, पायी. त्याच दिवशी बर्फ सुरू होतं. आणि मग महिनोन् महिने बर्फ. ती त्या पांढऱ्यात कुठेतरी आहे. वाचलेली असणं शक्य नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बर्फ वितळेपर्यंत कुणी काही करू शकत नाही. घर चालवायला मानोलो नावाचा अनाथ पोरगा आणतात. तो स्वयंपाक करतो, चूल सांभाळतो, आणि हळूहळू त्या घरात आईच्या जागी कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं. मिकेलचं मन त्याच्याकडे ओढ घेतं ते इतक्या हलक्या हाताने लिहिलंय की दोन पानं मागे जाऊन बघावं लागतं, हे कधी सुरू झालं?

वसंत येतो तेव्हा आकाशात गिधाडं दिसू लागतात. मी इथेच थांबतो, नाहीतर @कोरी_पाटी पुन्हा पाटी घेऊन येतील.

कोरी_पाटी

आलेच होते. :)

तिसरा_डोळा

@माळरान, ही मी सोडलेल्यांपैकीच. ठीक आहे, वाचतो. आधी एक सांगा, बापाला खलनायक केलंय का?

माळरान

नाही. हट्टी आहे, शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन बसलेला आहे. पण बर्फात तिला शोधायला तोच सगळ्यांत जास्त हिंडतो. त्याला वाटलं होतं, दारू ओतली की प्रश्न मिटेल.

पाणवठा

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. ‘अ जर्नी’चा उल्लेख कुणी केला नाही. अगदी छोटी आहे. मेरी आपल्या मुलाला, डेव्हिडला, रुग्णालयातून घरी घेऊन चाललीय. त्याला नैराश्य. गाडी ती चालवतेय, तो सिगरेट ओढतोय. घरी नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. एवढंच.

मी विशीत असताना असाच एकदा आईच्या गाडीतून घरी आलो होतो. दोन तासांचा रस्ता. तिने रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. मधे एकदा "खिडकी वर कर, गार लागतंय" म्हणाली. कित्येक वर्षं मला वाटायचं, तिने त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य तरी. राग होता माझ्या मनात. ही कथा वाचली तेव्हा पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्या बाजूने तो रस्ता दिसला. घरी पोहोचल्यावर एकीकडे अंथरुणातला माणूस आणि एकीकडे मी, आणि तिला गिअर बदलायचाय.

शेवंतीताईंचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

शेवंती

@पाणवठा, दोन तास गाडी नीट चालवून तुम्हाला घरी आणलं ना तिने. मला विचाराल तर त्या दिवशी तेवढंच जमण्यासारखं होतं.

तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

अर्धविराम

पाणवठा, लिहीत राहा.

‘थ्री फ्रेंड्स’बद्दल दोन ओळी. तिथे सुरुवातीलाच फर्गस शवपेटीशेजारी आईबरोबर एकटा बसलाय. दफन होतं आणि नंतर मित्र त्याला समुद्रकिनाऱ्यावरच्या रात्रभराच्या नाचगाण्याला ओढून नेतात. पहाटे गार पाण्यात पोहणं, एका मित्राशी अनपेक्षित जवळीक. पहिल्या वाचनात मला ते खटकलं, आई आत्ता गेलीय आणि हे काय! दुसऱ्या वाचनात वाटलं, मेलेल्या माणसाच्या गारठ्यापासून जितकं लांब पळता येईल तितकं ते शरीर पळतंय.

ओसरी

दोन दिवस इकडे फिरकलो नव्हतो, धाग्याने चांगलंच बाळसं धरलंय.

शेवंतीताई, तुमचा मुद्दा डोक्यात घोळतोय. मी मुलगा म्हणून वाचलं हे खरंच. पण लेखकानेही बहुधा तिथूनच सुरुवात केली असावी. टोबीन आठ वर्षांचा असताना वडील आजारी पडले. आई त्यांच्याबरोबर डब्लिनच्या रुग्णालयात, आणि याला व धाकट्या भावाला मावशीकडे ठेवलं, कित्येक महिने. त्या काळात आईचा काही संपर्क नव्हता. तो बोलताना अडखळायला लागला तो तेव्हापासून. बारा वर्षांचा असताना वडील गेले. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय आणि ‘नोरा वेबस्टर’ (२०१४) या कादंबरीत तो काळ आईच्या बाजूने लिहिलाय. ती लिहायला त्याला दहा वर्षांहून जास्त लागली. हा कथासंग्रह त्याच वर्षांमधला. म्हणजे कादंबरीतल्या त्या एका बाईपर्यंत पोहोचायला जमत नव्हतं, तेव्हा तो या नऊ कथांमधून तिच्याभोवती घिरट्या घालत होता, असा माझा आपला तर्क.

आणि बघा, नॅन्सी, मॉली, लिसा, मेरी, या कथा त्याने आईच्याच डोक्यात बसून लिहिल्यात. आठ वर्षांच्या मुलाला जे कुणी सांगितलं नाही ते पन्नाशीतला माणूस स्वतःच रचून बघतोय.

शेवंती

हे पटलं. अर्थात, आठ वर्षांच्या पोराला एक पत्रही न लिहिणाऱ्या आईची बाजू घ्यायला मलाही जड जातं. नवरा मरणाच्या दारात होता हे मान्य करूनही.

बोरूबहाद्दर

मराठीत अनुवाद करायचा झाला तर शीर्षक काय द्याल? ‘मायलेक’?

आडवाट

‘मायलेक’ ऐकलं की हल्ली लोकांना लेक म्हणजे मुलगीच वाटते. खरं तर लेक दोन्हीकडे चालतो, तो लेक आणि ती लेक. ‘बापलेक’मध्ये नाही का मुलगाच असतो!

अर्धविराम

‘मायलेकरं’? फार गोंडस वाटतं. वासरू चाटणारी गाय डोळ्यांसमोर येते.

माळरान

माझा समासालाच आक्षेप आहे. मायलेक हा द्वंद्व समास. मधलं ‘आणि’ गळून पडतं आणि दोघं चिकटतात. टोबीनच्या शीर्षकात ते ‘आणि’ शाबूत आहे. नोएल आणि त्याची आई यांच्यामध्ये एक भरलेली खोली आहे, मिकेल आणि त्याच्या आईमध्ये अख्ख्या हिवाळ्याचं बर्फ. ते ‘आणि’ गाळलं तर पुस्तकच गळून पडेल. ‘आया आणि मुलगे’ असंच ठेवावं, कानाला कितीही खडबडीत लागो.

बोरूबहाद्दर

‘आया’ म्हटलं की लोक पाळणाघराचं पुस्तक समजून घेतील. खप तरी होईल!

कोरी_पाटी

हाहा.

रातकिडा

पुस्तक आलं. ‘अ साँग’ वाचली.

@ओसरी, का सांगितलं नाहीत ते कळलं.

ओसरी

:)

आता कुठली घेताय?

रातकिडा

‘अ जर्नी’. पण आज नको. आज आई आलीय राहायला, शेजारच्या खोलीत टीव्ही बघतेय. जरा जाऊन बसतो तिथे.

तिसरा_डोळा

‘अ लाँग विंटर’ वाचून झाली. @माळरान, थंडपणाबद्दलचं माझं म्हणणं या एका कथेपुरतं मागे घेतो. बाकीच्या आठांबद्दल नाही.

माळरान

आठ कशा? तुम्ही पाचच वाचल्यात. उरलेल्या तीन कुठल्या, ते सांगा आधी.